‘रक्तदाब म्हणजे केवळ अॅड्रेनॅलिन’ या संदेशाबाबत खुलासा

उच्च रक्तदाब हा केवळ तणावामुळे स्रवणाऱ्या अॅड्रेनॅलिनचा परिणाम असून रोज काही मिनिटे दीर्घ श्वसन केल्यास गोळ्या बंद करता येतात, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि त्यातील गोळ्यांविषयीचा सल्ला धोकादायक आहे.

अॅड्रेनॅलिनमुळे हृदयाची गती वाढते हे खरे. परंतु रक्तात आलेले अॅड्रेनॅलिन काही मिनिटांतच निष्प्रभ होते, त्यामुळे वर्षानुवर्षे टिकणारा उच्च रक्तदाब एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही. मानेतील रोहिणी आणि महाधमनी यांच्या भित्तिकांतील दाबसंवेदक रक्तदाब वाढताच मेंदूला तसे कळवतात आणि एरवी मेंदू हृदयाची गती कमी करतो. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक मात्र, जिथे रक्त व मेंदू यांच्यातील अडसर (रक्तातील अनेक पदार्थांना मेंदूत जाऊ न देणारा पडदा) नसतो अशा मोजक्या भागांतून मेंदूवर परिणाम करते, अनुकंपी चेतासंस्थेला (हृदयाची गती व रक्तदाब वाढवणाऱ्या नसांच्या जाळ्याला) चेतवते आणि हे नियंत्रणच वरच्या पातळीवर नेऊन ठेवते. म्हणूनच दाब वाढूनही नाडी अपेक्षेइतकी मंदावत नाही. शिवाय अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडे शरीरात मीठ व पाणी राखून ठेवतात.

दीर्घ श्वसनाने नाडी मंदावते, नियमित सरावाने दाब थोडा उतरूही शकतो. ते अवश्य करावे, पण औषधासोबत.

बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन ही रक्तदाबाची औषधे अचानक थांबवल्यास ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात, आणि हृदयविकार असलेल्यांच्या जिवावर बेतू शकते. हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि तो वाचून कोणी गोळ्या थांबवल्या असतील तर त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांशी बोलावे.