दुसऱ्या नंबरचं कॉर्नेट

जॅझचा थोर अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या लहानपणाबद्दल बोलताना सगळे पिस्तुलापाशी अडकतात. ३१ डिसेंबर १९१२ ची रात्र, न्यू ऑर्लिन्स. अकरा वर्षांच्या पोराने नववर्षाच्या धुंदीत भर रस्त्यात पिस्तूल झाडलं. पोलिसांनी उचलून सुधारगृहात टाकलं, तिथे पीटर डेव्हिस मास्तरांनी बँडमध्ये घेतलं आणि पोराचं सोनं झालं!

घडलं ते खरंच. पण ‘शिक्षेने घडवलं’ हा सूर मला पटत नाही. त्याआधीही कार्नॉफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या भंगारगाडीवर बसून हा पत्र्याचा भोंगा वाजवत गिऱ्हाईक बोलवायचा. पहिलं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच फुंकून वाजवायचं वाद्य) घ्यायला उचलही त्यांनीच दिली.

आणि माझ्या मते जिचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं, ती पियानोवादक लिल हार्डिन, लुईची पुढे झालेली बायको, तर तळटीपेत जाते.

१९२२ मध्ये कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरने लुईला शिकागोला आपल्या बँडमध्ये बोलावलं. लिलही त्याच बँडमध्ये पियानो वाजवायची. ऑलिव्हर त्याचा गुरूच, पण बँडमध्ये लुईकडे दुसरं कॉर्नेट, म्हणजे ऑलिव्हरच्या मागून साथ द्यायची. १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंडला या बँडचं रेकॉर्डिंग झालं. तेव्हा माइक नव्हते, सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं. लुईचा आवाज इतका दणदणीत की त्याला बाकीच्यांपासून लांब, मागे उभं केलं. बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं लिलने पियानोवरून पाहिलं.

लिलनेच पुढे सांगितलंय, की लुई आपल्यापेक्षा सरस वाजवतो हे ऑलिव्हरने तिच्याजवळ कबूल केलं होतं. तो आपल्याकडे आहे तोवर आपल्या पुढे जाणार नाही, हेही! गुरूंचं हे रूप आपल्या गाण्यातल्या लोकांना काही नवं नाही.

१९२४ मध्ये दोघांचं लग्न झालं. लिल हात धुऊन मागे लागली : ऑलिव्हरला सोड. लुईला गुरूशी बेइमानी नको होती, पण शेवटी सोडलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला. १९२५ मध्ये तिने त्याला परत शिकागोला बोलावलं आणि तिथल्या ड्रीमलँड कॅफेमध्ये ‘जगातला सर्वश्रेष्ठ’ अशी जाहिरात करून उभं केलं. लुईला म्हणे लाजच वाटली.

त्या नोव्हेंबरात लुईच्या स्वतःच्या बँडचं, हॉट फाइव्हचं, रेकॉर्डिंग सुरू झालं. जॅझमध्ये एकट्या वादकाच्या सोलोला जे वजन आलं, ते मुख्यतः या तबकड्यांमुळे. यूट्यूबवर आहेत, जरूर ऐका. त्यातल्या सुरुवातीच्या तबकड्यांवरचा पियानो लिलचा आहे.