अनुदान अडतं ते बदल अहवालावर

नाटकवाल्यांना सरकार काही देत नाही, हे परभणीपासून धाराशिवपर्यंत सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या कार्यक्रम व निर्मिती अनुदानात एका संस्थेला साधारणपणे ५ लाखांपर्यंत मिळू शकतात. मात्र खर्चाच्या ७५ टक्क्यांवर नाहीत. ४ लाखांचा प्रयोग असेल तर १ लाख संस्थेच्या पदरचे, आणि शेवटचा हप्ता हिशेब पोचल्यावर. तोवर मंडपवाला, टेम्पोवाला थांबत नाहीत.

पण बहुतेक मंडळं तिथपर्यंत पोचतच नाहीत. घोडं अडतं धर्मादाय कार्यालयात, म्हणजे संस्थेची विश्वस्त म्हणून नोंद असते तिथं.

अध्यक्ष वारले, सचिव नोकरीनिमित्त पुण्याला गेले, नवी कार्यकारिणी ठरावानं झाली, हारतुरे झाले. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, ९० दिवसांत दाखल करायचा, तो मात्र राहिला. परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं. मग अनुदानाच्या अर्जावर सही एकाची आणि नोंदीत विश्वस्त दुसराच. अर्ज परत येतो, बँकही सह्या बदलून देत नाही. अहवाल साचले असतील तर जुन्यापासून क्रमानं लावा, सोबत विलंब माफीचा अर्ज. मधला सोडून चालत नाही, कारण आधीची कार्यकारिणीच नोंदीत नसेल तर तिनं बोलावलेल्या सभेला अर्थ उरत नाही. प्रत्येक अहवालासोबत सभेची नोटीस, ती मिळाल्याची पोच, हजेरी, इतिवृत्त, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, येणाऱ्याचं संमतीपत्र. यातली पोच हटकून हरवलेली असते.

हिशेबाचंही तसंच. बिल संस्थेच्या नावावर हवं, अध्यक्षांच्या नव्हे. मानधन शक्यतो खात्यावर द्या. रोख ५,००० च्या वर दिलंत तर पावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं सांगणारं, केंद्राच्या वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र थकलं की पुढचं अनुदानही थकतं.

हे सगळं शहरातल्या मंडळाला जमेल. संबळ, तुणतुणं, झांज घेऊन फिरणाऱ्या चार-पाच जणांच्या गोंधळी संचाकडून लेखापरीक्षण मागणं हा मात्र शुद्ध चावटपणा आहे. मग कागद असलेली एखादी संस्था अर्ज करते आणि संच तिच्याकडे रोजंदारीवर. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज मानधन योजनेत कलावंताला महिना ५,००० आहेत, पण पन्नाशी उलटल्यावर आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत असेल तर. तो उतारवयाचा आधार झाला, प्रयोगाचा खर्च नव्हे.

माळेगावच्या यात्रेत नांदेड जिल्हा परिषद कला महोत्सव भरवतेच. तसंच जिल्हा परिषदांनी तालुक्यातालुक्यातल्या यात्रांमध्ये अशा संचांसाठी दर प्रयोगाची रक्कम ठरवावी, निम्मी आधी द्यावी, तीही संचातल्या प्रत्येकाच्या खात्यावर. पुरावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा दाखला आणि प्रयोगाचे फोटो पुरेत.

मंडळांनी तोवर एवढं करावं: परिशिष्ट एकची ताजी प्रमाणित प्रत काढावी आणि बँकेतल्या सह्यांशी ताडून बघावी. अर्जाची जाहिरात आल्यावर हे सुरू केलंत तर ते वर्ष गेलंच.