त्यात अचानक काय होतं?

पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नौदल तळावर जपानने 'अचानक' हल्ला केला असं शाळेपासून वाचत आलो. हा 'अचानक' मला काही केल्या पटत नाही.

७ डिसेंबर १९४१, रविवार. पर्ल हार्बर ज्या बेटावर आहे त्या हवाईतल्या ओआहूच्या उत्तर टोकाला, ओपानाला, रडारवर दोन तरुण शिपाई. पाळी सातला संपलेली, पण न्याहारीला न्यायला येणाऱ्या गाडीला उशीर, म्हणून यंत्र चालूच ठेवलेलं. ७ वाजून २ मिनिटांनी पडद्यावर एवढं मोठं काहीतरी उमटलं की आधी यंत्रच बिघडलं असं त्यांना वाटलं. दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे. फोन केला. पलीकडचा अधिकारी त्या कामावर नवखा. आपलीच बी-१७ विमानं कॅलिफोर्नियाहून यायची होती, तीच असणार. म्हणाला, काळजी करू नका. त्याआधी पावणेसातला 'वॉर्ड' या विनाशिकेने बंदराच्या तोंडाशी एक छोटी पाणबुडी बुडवून तसं कळवलंही होतं. खातरजमा करा, खातरजमा करा म्हणत आठ वाजत आले आणि बॉम्ब पडले. २,४०३ माणसं गेली. त्यातली ११७७ एकाच युद्धनौकेवरची, 'अ‍ॅरिझोना'वरची.

देवगडात जाळं सांधत बसलेल्या काकांना हे सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "थंय पाणी किती होता?"

सात वाव, म्हटलं. म्हणजे बारा-तेरा मीटर. सुई थांबली. विमानातून टाकलेला टॉर्पेडो एवढ्या उथळ पाण्यात गाळात रुतणार, अशीच तिथल्यांचीही समजूत होती. पण वर्षभर आधी, नोव्हेंबर १९४० मध्ये, ब्रिटिशांच्या २१ जुनाट दुपंखी विमानांनी तारांतोच्या बंदरात इटलीच्या तीन युद्धनौका निकामी केल्या होत्या. तेही पाणी उथळच. जपान्यांनी त्याचा अभ्यास केला, टॉर्पेडोला लाकडी पंख लावले. जगजाहीर झालेली गोष्ट, हो!

२०२३ च्या ४ डिसेंबरला तारकर्लीला नौदल दिन झाला. डोक्यावरून विमानं गेली तेव्हा अंगावर काटा आला, खोटं का बोलू. पण १९९३ ला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडात शेखाडीला उतरलं ते होडीतूनच. किनाऱ्यावर रडार हवंच, फक्त त्यापुढचा फोन उचलणारा माणूस कोण, हे मला आधी कळायला हवं.

कारण दोन वर्षांमागे एका रात्री काकांना नंबर नसलेली, दिवे विझवलेली होडी दिसली होती. फोन केला. उत्तर आलं, उद्या लेखी द्या. काका दुसऱ्या दिवशी होडी न काढता अर्ज घेऊन गेले. साहेब मीटिंगला, टेबलावरच्या माणसाने कागद उलटापालटा करून विचारलं, "नंबर नाही टाकलात होडीचा?"

"नंबर नव्हतो, ताच सांगतंय मरे!"

तो अर्ज अजून काकांच्या जाळ्याच्या खोक्यात आहे. पोच मिळाली नाही.