‘आतून सगळ्या बॅटऱ्या सारख्याच’ म्हणणाऱ्यांनी एकदा आत बघावं

फॅब्रिकेशन आणि सोलर फिटिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जालन्यात माझं मशिन रिपेअरिंगचं काम आहे. एका आठवड्यात चौघांनी तो मला दाखवला. म्हणणं असं: कॉर्डलेस मशिनची, म्हणजे बॅटरीवरच्या ड्रिल-ग्राइंडरची, ओरिजनल बॅटरी आणि कॉपी आतून एकच, दोन्ही चायनाच्याच. कंपनी नुसत्या नावाचे पैसे घेते. उलट कॉपीत व्होल्ट आणि अँपियर जास्त मिळतात, चार्जर कोणताही चालतो, आणि वर्षभर टिकली तरी पैसे वसूल. मी ह्या बॅटऱ्या रोज उघडतो, त्यामुळं गप्प बसवत नाही.

आधी व्होल्टचं बघू. ‘ओरिजनल 18 ची, कॉपी 21 ची, म्हणजे ताकद जास्त’ हे साफ चूक. दोन्हीत एकामागं एक जोडलेले 5 सेल असतात. लिथियम सेलचा सरासरी व्होल्टेज 3.6, म्हणून पाचांचे 18. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल 4.2 ला जातो, म्हणून पाचांचे 21. एकानं मधला आकडा छापला, दुसऱ्यानं वरचा. तुमची ओरिजनल 18 ची बॅटरी फुल चार्ज करून मल्टिमीटर लावा, तीही 20 च्या पुढं दाखवेल. काही कॉपीवर तर 88 असं छापलेलं येतं. खरे 88 व्होल्ट करायला साधारण 24 सेल एका ओळीत लागतात. ते तळहाताएवढ्या बॉडीत बसतील का, तुम्हीच सांगा.

अँपियरचा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण पैसे त्याच्यावर मोजले जातात. ह्या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा 18650 नावाचा सेल असतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. ह्या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता, म्हणजे त्यात किती चार्ज साठतो ते, साधारण 3.5 अँपियर-तास, आणि मशिनला लागणारा जोरदार करंट देणाऱ्या सेलची 2.5 ते 3. दोन-दोन सेल शेजारी-शेजारी जोडून अशा पाच जोड्या एकामागं एक लावल्या, म्हणजे एकूण दहा सेल, की 5 किंवा 6 अँपियर-तासाची बॅटरी होते. त्याच बॉडीवर ‘9.0’ छापलेलं असेल तर तो आकडा फक्त स्टिकरवर आहे. (जाडजूड 21700 सेल घातलेल्या बॅटऱ्या 8-10 पर्यंत जातात, पण त्यांची बॉडीही मोठी असते.)

हे उघडायच्या आधीही कळतं. एक सेल साधारण 45 ग्रॅमचा. दहांचेच साडेचारशे ग्रॅम झाले, बॉडी आणि सर्किट धरून सहाशेच्या पुढं गेलं पाहिजे. मागं घनसावंगीकडचा एक फिटर पोरगा माझ्याकडं आला. शिवारात सौरपंपाचे स्ट्रक्चर उभे करतो, तिथं लाइट नाही, सगळं काम बॅटरीवर. म्हणाला, “काका, नवी कोरी 5 ची बॅटरी, पण दोन अँगल कापले की बंद पडायली.” मी ती काट्यावर ठेवली. 380 ग्रॅम. स्क्रू काढले तर आत दहा खाचा आणि सेल पाचच. बाकीच्या पाच खाचा मोकळ्या. तो पोरगा बराच वेळ त्या मोकळ्या खाचांकडं बघत होता. दोन दिवसांची मजुरी त्यात गेली होती त्याची.

‘सेल चायनाचेच’ ह्या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. मोठ्या ब्रँडच्याही बऱ्याच बॅटऱ्या चीनमध्ये जोडल्या जातात, आणि तिथं उत्तम सेलही बनतात. प्रश्न देशाचा नाही, सेल कोणत्या कामासाठी बनवलाय ह्याचा आहे. ग्राइंडरनं लोखंड कापताना 600 वॅट ओढले तर 18 व्होल्टला 33 अँपियर होतात. दोन-दोनच्या जोडीत एका सेलवर साडेसोळा आले. मशिनसाठीचा सेल 20 अँपियर सतत देऊ शकतो आणि त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, 20 मिलिओहमच्या आसपास असतो. लॅपटॉपछाप किंवा वापरून काढलेल्या सेलचा रोध 60 धरा. मग प्रत्येक सेलमागं जवळजवळ 1 व्होल्ट आतल्या आतच जळतो, म्हणजे 18 चे 13 राहतात. मशिन बंद पडतं ते ह्यानं. आणि जळालेले ते व्होल्ट उष्णता होऊन त्या बॉडीतच कोंडतात. त्या पोराच्या बॅटरीत तर जोडीच नव्हती, सगळे 33 अँपियर एकेका सेलवर.

चार्जरचा मुद्दा वाचून मला खरंच भीती वाटली. लिथियम सेल साधारण 45 अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करू नये. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच 42-43 होतं, मग पत्र्याच्या शेडमध्ये किंवा टेंपोच्या केबिनमध्ये काय होत असेल? चांगल्या बॅटरीत तापमान मोजणारा सेन्सर असतो. बॅटरी तापलेली असली की चार्जर लाइट मिचकावत थांबतो आणि गार झाल्यावरच सुरू होतो. बरेच जण त्यालाच बिघाड समजून माझ्याकडं आणतात. एका कॉपीत मी त्या सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर सोल्डर केलेला पाहिला. म्हणजे बॅटरी कितीही तापली तरी चार्जरला ती कायम गारच दिसणार. आणि हे सेल लोखंडी नळीतले. मोबाईलच्या बॅटरीसारखे फुगून आधी सांगत नाहीत, थेट वाफ आणि धूर सोडतात. रात्री चार्जिंगला लावून त्याच खोलीत लेकरं झोपत असतील तर हा मेसेज पुढं पाठवताना दहादा विचार करा.

पैशांचं गणित मला मान्य आहे. ओरिजनल सात-आठ हजारांची, कॉपी दोन-सव्वादोनची. रोज कमावून खाणाऱ्या माणसाला हा फरक मोठाच आहे, आणि सगळ्या कॉपी टाकाऊ नसतात. दुसऱ्या नावाच्या, पण वजन खरं आणि लेबल खरं अशा बॅटऱ्या मी स्वतः ड्रिलसाठी देतो. बिजागरी, स्क्रू, प्लायच्या कामाला त्या पुरतात. घेताना लेबलवर आयएस 16046 (लिथियम बॅटरीचं भारतीय मानक) आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते तपासा. मोठ्या ब्रँडचंच नाव छापून स्वस्तात मिळणारी मात्र हातातही घेऊ नका. ती कॉपीसुद्धा नाही, ती फसवणूक आहे.

घनसावंगीच्या त्या पोरानं शेवटी ग्राइंडरसाठी एक ओरिजनल घेतली, अर्धे पैसे उधार ठेवून. ड्रिलला साधी, पण सहाशे ग्रॅमची कॉपी. ती घेताना माझा काटा त्यानं स्वतःच पुढं ओढला.