‘नुसते ऐकणारे सॉफ्टवेअर कोण पाडणार?’ या दाव्याचा प्रतिवाद

गोव्यातल्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा: वायरशार्क, टीशार्क (नेटवर्कवरची पॅकेटे, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणारी) आणि स्नॉर्ट (त्यांत हल्ला शोधून इशारा देणारे) ही सॉफ्टवेअर नुसती ऐकतात, पोर्ट उघडत नाहीत, म्हणून त्यांच्यातल्या डीओएस (प्रोग्रॅम ठप्प पाडणाऱ्या) त्रुटींच्या सूचना मनावर घेऊ नका. पुढे फायरवॉल आहे, फिल्टर आहे. फार तर प्रोग्रॅम बंद पडेल, पुन्हा सुरू करा. परवानगीची कटकट नको असेल तर सरळ रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, चालवा.

स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचीच ट्रॅफिक पाहणाऱ्या विद्यार्थ्याला यातून फारसा धोका नाही. पण हाच संदेश पाटोवरच्या कार्यालयात, कळंगुटच्या हॉटेलात आणि वेर्णा येथल्या कारखान्यातही वाचला जातो, आणि तिथे तो घातक आहे.

‘पोर्ट उघडत नाही, म्हणजे सुरक्षित’

पॅकेट पकडणे वेगळे आणि त्याचा अर्थ लावणे वेगळे. अर्थ लावण्याचे काम डिसेक्टर करतो. वायरशार्कमध्ये असे हजाराहून जास्त डिसेक्टर आहेत, बहुतेक सी भाषेत लिहिलेले, आणि समोर येईल ते पॅकेट ते उलगडायला घेतात. पॅकेटमधले आकडे मात्र पाठवणाऱ्याने लिहिलेले असतात. पुष्कळ प्रोटोकॉलमध्ये आधी प्रकार, मग लांबी, मग मजकूर अशी तुकड्यांची रांग असते. डिसेक्टर लांबी वाचतो आणि तेवढा पुढे सरकतो. कोणी लांबीच्या जागी ० लिहिले आणि ती तपासलेली नसली, तर तो जागच्या जागी फिरत राहतो आणि सीपीयूचा एक कोअर १०० टक्क्यांवर अडकतो. वायरशार्कने याला एक लगाम घातलेला आहे: एका पॅकेटच्या झाडात (उलगडलेली माहिती ज्या फांद्याफांद्यांच्या यादीत मांडली जाते तिच्यात) १० लाखांहून जास्त नोंदी होऊ लागल्या की ‘अनंत लूप असू शकेल’ असे सांगून तो उलगडणे थांबवतो. पण लूप झाडात काही न जोडता फिरत असेल तर हा लगाम लागत नाही. बाकीचे प्रकार म्हणजे रिकाम्या पॉइंटरला (कुठेच न नेणाऱ्या मेमरीच्या पत्त्याला) हात लागून क्रॅश होणे, एकात एक गुंफलेल्या रचनेमुळे स्टॅक (प्रोग्रॅमची मर्यादित कामचलाऊ मेमरी) संपणे आणि तुकडे जोडताना मेमरी फुगणे.

नुसते ऐकणाऱ्याचा घात कसा होतो याचा धडा मार्च २००४ मध्ये मिळाला. विटी हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअर या सुरक्षा सॉफ्टवेअरमधल्या आयसीक्यू या चॅट सेवेची पॅकेटे तपासणाऱ्या भागातून शिरला. ४००० या सोर्स पोर्टवरून आलेले एकच यूडीपी पॅकेट पुरत होते. सुमारे १२,००० यंत्रे बाधित झाली आणि त्यांच्या डिस्कवर जागोजागी कचरा लिहिला गेला. ती यंत्रे सापडली ती संरक्षक सॉफ्टवेअर बसवले होते म्हणूनच.

‘फायरवॉल आहे ना’

लिनक्सवर पॅकेट पकडण्याची जागा त्याच यंत्राच्या फायरवॉलच्या आधी येते. जे पॅकेट नेटफिल्टर (लिनक्सची स्वतःची फायरवॉल) टाकून देणार आहे, तेही वायरशार्कला दिसते आणि तो ते उलगडतो. स्विचचे मिरर पोर्ट (ट्रॅफिकची नक्कल देणारे) मुख्य फायरवॉलच्या बाहेर लावलेले असेल तर इंटरनेटवरचा कोणीही तुमच्या डिसेक्टरपर्यंत पोहोचतो. हॉटेलात पाहुण्यांच्या वायफायचे व्हीलॅन (वेगळे ठेवलेले आभासी नेटवर्क) मिरर केलेले असेल तर लॉबीत बसलेल्या माणसाचे एक ब्रॉडकास्ट पॅकेटही पुरते.

‘फिल्टर लावलेला आहे’

कोणता फिल्टर? डिस्प्ले फिल्टर असेल तर त्याने काहीही वाचत नाही, कारण पॅकेट दाखवायचे की लपवायचे हे ठरवण्यासाठी ते आधी उलगडावेच लागते. कॅप्चर फिल्टर मात्र कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, उलगडण्याआधीच पॅकेट गाळतो. डीएनएसचाच (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) प्रश्न तपासायचा असेल तर ‘पोर्ट ५३’ हा कॅप्चर फिल्टर द्या. शिवाय ‘ॲनलाइझ’ मेनूतल्या ‘एनेबल्ड प्रोटोकॉल्स’मध्ये जाऊन न लागणारे डिसेक्टर बंद करा. सीव्हीई-२०२४-०२०८ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंद क्रमांक) ही वायरशार्कमधली त्रुटी जीव्हीसीपी या औद्योगिक कॅमेऱ्यांच्या प्रोटोकॉलच्या डिसेक्टरमध्ये होती. असे कॅमेरे हॉटेलात नसतात, तरी तो डिसेक्टर चालूच असतो.

‘रूटने चालवा, फरक पडत नाही’

फरक मोठा पडतो. आज नुसता क्रॅश करणारी मेमरीची चूक उद्या परका कोड चालवण्याची वाट होऊ शकते. वायरशार्कने याचसाठी पकडण्याचे, म्हणजे खास परवानगी लागणारे, काम डम्पकॅप या छोट्या प्रोग्रॅमकडे दिले आहे. डेबियन किंवा उबुंटूवर वायरशार्क-कॉमन हे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करा, प्रश्नाला ‘हो’ म्हणा, वापरकर्त्याला ‘वायरशार्क’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. एवढ्यात काम होते.

‘पडला तर पुन्हा सुरू करा’

संदेशातला सर्वांत वाईट सल्ला हाच. ते पॅकेट दर मिनिटाला पाठवणे हल्लेखोराला काहीच जड नाही. आणि अनंत लूपमध्ये प्रोग्रॅम पडतच नाही: प्रक्रिया जिवंत दिसते, सिस्टमडीला (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेला) ती पुन्हा सुरू करण्याचे कारण मिळत नाही. स्नॉर्टमधली सीव्हीई-२०२२-२०६८५ नेमकी अशी होती. मॉडबस हा कारखान्यातल्या यंत्रांचा प्रोटोकॉल तपासणाऱ्या भागात पूर्णांक मर्यादा ओलांडून उलटायचा, लूप संपायचा नाही, आणि स्नॉर्ट नवी पॅकेटे पाहणे व इशारे देणे थांबवायचा. दुरुस्ती २.९.१९ आणि ३.१.११.० मध्ये आली. मॉडबसवर पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) चालवणाऱ्या कारखान्यात याचा अर्थ असा की खरा हल्ला सुरू होण्याआधी पहारेकऱ्याचे डोळे बांधले गेले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते. पहारेकरीच आंधळा असेल तर घटना लक्षात तरी कशी येणार?

म्हणून चोवीस तास चालणाऱ्या यंत्रावर वायरशार्क किंवा टीशार्क नको. नुसता डम्पकॅप चालवा, तो काही उलगडत नाही. रिंग बफर (ठरलेल्या फाइली भरल्या की सर्वांत जुनी पुसत जाणारा साठा) ठेवा: फाइल १०० एमबीची, फाइली ५४०, म्हणजे ५४ जीबी. सरासरी ५ एमबीपीएस ट्रॅफिकला हे २४ तास पुरते. लाइन १०० एमबीपीएसने भरून वाहू लागली तर तेवढीच जागा सव्वा तासात संपेल, म्हणून डिस्क सरासरीवर नव्हे, गर्दीच्या वेळेवर मोजा. शेवटची फाइल वाढते आहे का, हे दर ५ मिनिटांनी तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा. स्नॉर्टसाठी स्वतःचा एक चाचणी नियम लिहून त्याला जुळणारे पॅकेट ठरावीक वेळाने पाठवा. इशारा आला नाही तर तोच इशारा समजा.

फाइली दुसऱ्या यंत्रावर, ताज्या आवृत्तीत, शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा, आणि टीशार्कला वेळेची व मेमरीची मर्यादा घाला. एखादी फाइल उघडताच क्रॅश होत असेल तर एडिटकॅप या वायरशार्कसोबतच्या साधनाने तिचे दोन भाग करा, जो भाग पाडतो त्याचे पुन्हा दोन. १० लाख पॅकेटांतून दोषी पॅकेट साधारण २० फेऱ्यांत हाती येते. तुकडा केल्यावर क्रॅश नाहीसा झाला तर दोष एका पॅकेटात नसून आधीच्या पॅकेटांशी जोडलेला आहे. अशा वेळी ते संपूर्ण संभाषण वेगळे काढा. वायरशार्कच्या विकसकांना कळवताना तेवढाच तुकडा पाठवा, अख्खी फाइल नको, कारण उरलेल्या भागात पाहुण्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे संभाषण असते.