मोरीवरच्या खुणा : निपाणीच्या काकांना उत्तर

मागच्या लेखात आमच्या ऑनलाइन हॅकेथॉनची, म्हणजे ठरलेल्या तासांत काहीतरी तांत्रिक बनवून दाखवायच्या स्पर्धेची, गोष्ट लिहिली होती. विषय होता संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांसाठी तंत्रज्ञान, मुदत ४८ तास. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला पाणी चढलं की शिवारातल्या लोकांना मराठीतून आणि कन्नडमधून आपोआप फोन जाईल, अशी यंत्रणा आम्ही चौघांनी केली होती. त्यावर निपाणीच्या एका काकांनी लिहिलंय : "न्यूयॉर्कला बसून ठरवलेली सतरा ध्येयं आणि प्रमाणपत्रासाठी दोन दिवस मोबाईलचा खेळ. आधी नाल्यातली जलपर्णी काढा. आमच्या देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण आहे, आम्हाला ॲप लागलं नाही. आणि सीमाभागात राहून कन्नडमधून फोन कशाला?"

काका, प्रमाणपत्राचं आधी संपवते. मिळालं. पीडीएफ आहे, त्यात आमचं आडनाव चुकलंय. बक्षीस नाही. शेवटच्या रात्री वीज गेली, हॉटस्पॉटवर व्हिडिओ चढेना, आणि मुदत तिकडच्या घड्याळाप्रमाणे होती हे आम्हाला उशिरा उमगलं. यातला एकही तास शेताच्या उपयोगी पडला असं मी म्हणणार नाही.

ध्येयांबद्दलही तुमचा राग मला कळतो. सप्टेंबर २०१५ मध्ये १९३ देशांनी ती मान्य केली, मुदत २०३०. ध्येयं १७, त्याखाली लक्ष्यं १६९. संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालाप्रमाणे त्यातली फक्त १७ टक्के लक्ष्यं रुळावर होती. पण सहाव्या ध्येयातलं तिसरं लक्ष्य वाचा : प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्याचं प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आमचा नाला न्यूयॉर्कला कळला, नि हितं कळंना व्हय?"

आता यंत्राचं. तुम्ही 'खेळ' म्हणालात, मी तर म्हणेन फजिती. नाल्यावरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्याला अल्ट्रासॉनिक सेन्सर बांधला होता. तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पण आवाजाचा वेग हवेच्या उष्णतेवर ठरतो : २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ३५ अंशाला ३५२. आम्ही कोडमध्ये ३४३ पक्कं बसवून टाकलं, आणि सेन्सर पाण्यापासून तीन मीटर वर. मे महिन्याचं ऊन. रोज दुपारी आमचा नाला चार बोटं 'चढायचा' आणि रात्री उतरायचा. आत्तेभावाला दोन दिवस फोन येत राहिले. तापमानाची दुरुस्ती करून हे निस्तरलं, तर सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं. यंत्राच्या लेखी नाला कठड्यापर्यंत भरला. पहिल्या मोठ्या पावसात डब्यात पाणी शिरलं आणि विषय मिटला.

(एक गंमत सांगायची राहिली होती. सेन्सरचा आकडा घरापर्यंत आणायला लोरा नावाचा रेडिओ वापरला. भारतात त्याचा बिनपरवान्याचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. ते वाचून आत्तेभाऊ ओरडला, "ही लहर बी आपलीच की!" ज्यांना हसू आलं नसेल त्यांच्यासाठी : महाराष्ट्राचा दावा आहे ती सीमाभागातली गावं ८६५.)

मग उरलं काय? रंग. सेन्सर बरोबर सांगतोय का ते पडताळायला आत्तेभावाने मोरीच्या भिंतीवर पांढऱ्या ऑइल पेंटने अर्ध्या-अर्ध्या फुटाला रेघा मारल्या होत्या आणि बाजूला आकडे लिहिले होते. यंत्र मेलं, रेघा राहिल्या. जुलैत बघते तर शिवाराकडे जाणारी माणसं जाता-येता सांगायला लागलेली, "साडेतीनला हाय." बाबांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली : तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, आपल्या बांधावर पाणी आहे की नाही. आधी हेच बाबा म्हणत होते की पाणी कधी चढतं ते आम्हाला ठाव हाय, मशीन कशाला.

ठाव होतंच. पण किती दिवस राहतं, हे विचारलं की घरातले तीन जण तीन उत्तरं द्यायचे. आई म्हणायची आठवडा, माझे सख्खे काका म्हणायचे पंधरा दिवस. आणि सगळा मामला तिथेच अडतो. नट्टी (भाताची लावणी) लावून झाल्यावर रोप दोन-तीन दिवस बुडालं तर सावरतं. आठवडाभर पाण्याखाली राहिलं की साधं भात कुजतं. दोन आठवडे तग धरणाऱ्या जाती आहेत, २००९ मध्ये आलेली स्वर्णा-सब१ त्यातलीच. पण आमच्याकडचा बासमती त्या जातीचा नव्हे, आणि बेळगावचा शेतकरी बासमती सोडून ती लावेल असं मला वाटत नाही.

सरकारी मदतीच्या नियमात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान धरतात. पीक विम्यात तर २०१८ पासून भातात पाणी साचल्याचं नुकसान स्थानिक आपत्तीतून वगळलं होतं. २०२६ च्या खरिपापासून ते पुन्हा विम्यात धरण्याचं केंद्राने जाहीर केलंय. आणि स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. म्हणजे तारीख आणि तास आमच्या हौसेपायी आले नाहीत काका, कागदच ते मागतो. मोबाईलचा खेळ आपण खेळो न खेळो, आपल्याला त्यात ओढलेलं आहेच.

जलपर्णी आधी काढा, हे शंभर टक्के खरं. पण ती हाताने निघत नाही, नाल्यात मशीन उतरवावं लागतं आणि ते वर्गणीने होत नाही. त्यासाठी आम्ही एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो, हॅकेथॉनच्या आदल्या वर्षी. उत्तर मिळालं : पाऊस जास्त झाला की पाणी साचणारच. पुढच्या वर्षी वही घेऊन गेलो. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेत आणि त्यांच्या वरुणमित्र हेल्पलाइनवर पावसाची माहिती विचारता येते, हे मला हॅकेथॉनमध्ये शोधाशोध करतानाच कळलं. ते पावसाचे आकडे बाबांच्या वहीशेजारी मांडले. पाऊस थांबून चार दिवस झाले, आणि मोरीवर पाणी अजून साडेतीन फुटांवरच. हे पाऊस जास्त झाल्याचं लक्षण नव्हे, पुढे तुंबल्याचं आहे. त्या दिवशी टेबलापलीकडच्या साहेबांनी पहिल्यांदा वही स्वतःकडे ओढून घेतली. झेरॉक्स काढून घेतली, अर्जावर पोच दिली. मशीन अजून आलेलं नाही. हे लपवून ठेवण्यासारखं नाही, म्हणून लिहिलं.

तो अर्ज मराठीत होता. घ्यायला खळखळ झाली तेव्हा मी राज्यघटनेचं ३५० वं कलम दाखवलं : राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. सोबत कन्नड प्रतही जोडली, कारण मला भांडण जिंकायचं नव्हतं, नाला साफ करून हवा होता.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आलोच. आमच्या चौघांतली एक मैत्रीण हलग्याची, घरी कन्नड. तिच्या वडिलांचं शेत नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. आमच्याकडे चढलेलं पाणी पुढे त्यांच्याकडे जातं. त्यांना मराठीतून फोन लावून मी कोणता सीमालढा पुढे नेणार होते? उलट खरी अडचण मराठी फोनची झाली. कॉम्प्युटरचा आवाज म्हणायचा, "नाल्याची पाणीपातळी धोक्याच्या रेषेवर पोहोचली आहे." आजीला वाटलं बँकेचा फोन, तिने ठेवून दिला. मग आत्याच्या आवाजात रेकॉर्ड केलं : "नाला भरलाय, मोटार वर काढा." तो फोन मात्र सगळे ऐकायचे.

सीमेवरून आठवलं. हॅकेथॉन हा शब्द ज्या जमावाने पहिल्यांदा वापरला, ते दहा प्रोग्रॅमर जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीला भेटले होते. कॅनडातच का, तर सांकेतिक लिपीचं सॉफ्टवेअर अमेरिकेबाहेर पाठवण्यावर तिथल्या कायद्याचे निर्बंध होते. सीमेची कटकट चुकवायला सीमेपलीकडे जाऊन बसलेली माणसं. आपल्याकडे कळेल ही गोष्ट.

आता तुमच्या देवळाकडे येते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं तेच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ॲप लागलं नाही म्हणता, पण पूर ओसरल्यावर कुणीतरी हातात रंग किंवा कोळसा घेऊन भिंतीवर रेघ ओढलीच ना? आमच्या आत्तेभावाने दुसरं काय केलं? कृष्णेवर कुरुंदवाडला केंद्रीय जल आयोग पाणी मोजतो. गावच्या ओढ्याला आणि नाल्याला देवळाची भिंतच असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याकडे यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं होतं, तेव्हा इकडे आमच्या शिवारात बांध दिसत नव्हते. पण आमच्याकडे त्या वर्षीची रेघ नाही. कुणी ओढलीच नाही. बाबा सांगतात "कमरेएवढं", माझे काका सांगतात "छातीएवढं", आणि दोघांच्या उंचीत अर्ध्या फुटाचा फरक आहे.

तेव्हा एक काम सांगते, राग मानू नका. ती खूण पायरीपासून किती फूट किती इंच आहे ते टेप लावून मोजाल का? आणि तिच्या वर किंवा खाली आणखी जुनी रेघ असेल, २००५ ची वगैरे, तर तीही. फोटो काढताना टेप दिसू दे.