पंप बदलला, पण ऑटो स्विच तोच

ऊर्जाबचतीवरच्या एका लेखात म्हटलंय की जास्त ताऱ्यांची (स्टार रेटिंगची) उपकरणं घेतली की ऊर्जाबचत आपोआप होते. मला हे पटत नाही. तेच काम कमी विजेत करणं ही कार्यक्षमता. मुळात गरजेपुरतंच काम करणं ही बचत.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. जुनी पाच एचपीची मोटर काढून तारांकित पंप बसवला. पंप खरंच चांगला, पाणी जास्त फेकतो. पण ऑटो स्विच तोच राहिला. रात्री लाइट आली की मोटर सुरू, ती लाइट जाईपर्यंत. एका पहाटे जाऊन बघतो तर ठिबकची नळी निसटलेली, दोन ओळींत घोटाभर चिखल! शेवटी स्टार्टरला टायमर जोडला, आता दोन तासांत मोटर बंद होते.

२००१च्या कायद्याच्या नावातच ‘ऊर्जा संवर्धन’ आहे, पण घराघरात पोहोचले ते उपकरणांवरचे २००६पासूनचे तारे. महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४पासून वीज मोफत आहे. त्या दिलाशाची गरज होतीच, पण आता युनिट किती जळले ते कुणी बघतच नाही. म्हणून शेतीपंपांच्या सरकारी योजनांमध्ये टायमरही धरावा, आणि वीज दिवसा द्यावी.